काकण आणि खारं पाणी

मुलगी पाहायला गेल्यावर खोटं बोलू नये, असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. उलट थोडंफार चालतं, असंच सगळे म्हणत होते. आमच्या मारोतमामांनी तर स्वतःचं दुकान नसताना दुकान आहे म्हणून सांगितलं होतं. मामी गेली पंचवीस वर्षं त्यावरून ऐकवते, पण संसार झालाच की. तेव्हा मी जे बोललो त्यात मला तरी काही वावगं वाटलं नाही.

झालं असं, की काटोलला दामिनीच्या घरी मोठ्या माणसांनी आम्हा दोघांना दहा मिनिटं बोलायला म्हणून मागच्या अंगणात सोडलं. अंगणाला लागून त्यांची संत्र्याची बाग. ती शाळेत विज्ञान शिकवते, मी नागपूरजवळ वाडीला राहतो, तिथंच एका गोदामात सुपरवायझर. म्हणजे ट्रक येतात, माल उतरतो, माल चढतो आणि मी ओरडतो. एवढं सांगून झाल्यावर माझ्याजवळचं बोलणं संपलं. मग मी विचारलं, लग्नानंतर कुठं जायला आवडेल. तिनं न लाजता सांगितलं, समुद्रावर. आणि नुसतं काठावरून पाहायला नाही, आत जायला. शाळेत असल्यापासून तिच्या मनात होतं. पण बागेला पाणी, बागेला फवारा, बागेची राखण, यातून तिचे वडील कधी चार दिवस मोकळे झाले नाहीत, आणि ते राहून गेलं.

हे सांगताना तिचा चेहरा असा काही खुलला, की मी विचार न करता बोलून गेलो, "मले पण समुद्र भल्ला आवडते."

तोवर मी समुद्र कॅलेंडरवर पाहिला होता. खरी गोष्ट अशी, की मी पाण्याला भितो. नऊ वर्षांचा असताना रामटेकला तलावाच्या पायरीवर शेवाळावरून माझा पाय घसरला होता, आणि मी आज हे सांगायला जिवंत आहे तो मामांच्या मुठीत माझे केस आले म्हणून. तेव्हापासून बादली आणि लोटा, यापलीकडे माझा पाण्याशी संबंध नाही. घरच्यांना हे ठाऊक आहे. गोदामात कुणालाही ठाऊक नाही. सहा फूट उंचीचा, हमालांवर डाफरणारा माणूस गुडघाभर पाण्याला भितो हे कळलं, तर उद्यापासून माझं कोण ऐकेल?

पण मुलगी मनात भरली होती. लग्न ठरलं आणि मी माझा मित्र बंटी, जो ट्रॅव्हल एजन्सी चालवतो, त्याच्याकडे जाऊन अंदमानची तिकिटं काढली. बेटावरचं रिसॉर्ट, खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की वाळू, वाळूपुढे पाणी. बंटी म्हणाला, वहिनी खूश होतील. मला वाटलं, तिथं गेल्यावर काहीतरी सुचेल. आपल्या लोकांचा यावर फार भरवसा असतो.

लग्न फेब्रुवारीत झालं. हळदीच्या दिवशी रीतीप्रमाणे आम्हा दोघांच्या मनगटाला काकण बांधलं, पिवळ्या दोऱ्यात हळकुंड आणि सुपारी. ते सत्यनारायणाच्या दिवशी देवापुढे सोडायचं असतं. पण गुरुजींना मधे एकही दिवस मोकळा नव्हता, सत्यनारायण गेला पुढच्या रविवारी, आणि आमचं विमान मंगळवारचं. माझी आई, प्रयागबाई, अशा गोष्टींत अडून बसणारी नाही. ती म्हणाली, जा तसेच, आल्यावर सोडू. म्हणून विमानतळावर आम्ही दोघं जीन्स-टीशर्टमध्ये आणि मनगटावर पिवळी काकणं, असे उभे होतो. लोक पाहून हसत होते. दामिनीला त्याचं काही वाटत नव्हतं, मला तर छानच वाटत होतं.

पोर्ट ब्लेअरहून बेटावर बोटीनं जावं लागतं, हे बंटीनं मला सांगितलंच नव्हतं. ते मला धक्क्यावर उभं राहिल्यावर कळलं. अडीच तास मी डोळे मिटून बसलो. दामिनीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, रामाचं नाव घेऊन राहिलो. मग तिनंही हात जोडले. नवरा भाविक निघाला याचं तिला समाधान वाटलं असावं. एका खोट्याला दुसरं खोटं कसं चिकटत जातं, ते मला त्या बोटीत समजलं, पण उतरल्यावर मी ते विसरलो.

रिसॉर्ट सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. नारळाची झाडं, लाकडी खोल्या, झोपाळा आणि समोर असं निळंहिरवं पाणी, की दामिनीनं बॅग दारातच टाकली. पाच मिनिटांत कपडे बदलून, वेणी वर बांधून ती वाळूत उभी. आणि मागं वळून मला म्हणाली, चला.

मी दोन पावलं चालून थांबलो. माझा हात धरायला तिनं हात पुढं केला, आणि मला त्या हातावरचं काकण दिसलं.

"थांब," मी म्हटलं. "काकण सुटेपर्यंत खाऱ्या पाण्यात नाई जात. आमच्यात असं असते."

ती जागच्या जागी थांबली. म्हणाली, मला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, गडबडीत आईच्या ध्यानात राहिलं नसेल. काहून असं असतं, एवढं तिनं एकदाच विचारलं. मी सांगितलं, ते जुन्या लोकांना ठाऊक. मग ती दोन पावलं मागं सरकली. लाट तिच्या पायांपाशी येऊन परत गेली. मला इतकं हलकं वाटलं, की मी लगेच दोन शहाळी मागवली.

पुढं कुणी म्हणेल, हा माणूस भारी बेरकी. तसं नव्हतं. मला खरंच वाटत होतं, की मी कुणाचं काही बिघडवलं नाही. तीन रात्री काढायच्या आणि परत जायचं. समुद्र तिनं पाहिलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी उठून वाळूत बसली होती. जिथपर्यंत पाणी पोचतं ती ओली रेघ, आणि तिच्या बरोबर अलीकडे ती. मोठी लाट आली की काकणाचा हात वर. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा तो हात दिवसभर वर-खाली होत होता. मी तिला शिंपले गोळा करायला नेलं, बाजारात नेलं, नारळाच्या करवंटीची कासवं घेऊन दिली. ती सगळीकडे हसतमुखानं आली आणि परत येऊन त्या रेघेपाशी बसली.

तिथंच यमुताई भेटल्या. मी दामिनीला चहा घेणार काय, असं विचारत होतो, ते ऐकून पाण्यातून एक बाई ओरडल्या, नागपूरचे का तुम्ही. माणूस चंद्रावर गेला तरी त्याला तिथं नागपूरचं कुणीतरी भेटेल. सत्तरीला टेकलेल्या, धरमपेठेत राहणाऱ्या, पोहण्याच्या काळ्या पोशाखात यमुताई निथळत बाहेर आल्या आणि त्यांनी मागं बोट दाखवून नवऱ्याची ओळख करून दिली. श्रीधरराव गळ्यापर्यंत पाण्यात होते, डोक्यावर टोपी होती, आणि त्यांनी तिथूनच नमस्कार केला. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते साठीत पोहायला शिकले होते, हे यमुताईंनी सांगितलं. ते ऐकून मला त्यांचा उगीच राग आला.

यमुताईंची नजर काकणावर गेली. तुम्ही दोघं असे कोरडे कसे, त्यांनी विचारलं. दामिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी रीत सांगितली. यमुताईंनी भुवया उंचावल्या. साऱ्या नागपुरातल्या लग्नांत त्यांचा पुढाकार, त्यांना कोणत्या घरात काय चालतं ते पाठ. असं काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आमच्यात असते तसं," मी म्हटलं.

झालं. यमुताईंनी मान हलवली. म्हणाल्या, असेल बाई, एकेका घराची एकेक पद्धत. आपल्याकडे माणूस कायद्याशी भांडेल, डॉक्टरशी भांडेल, पण दुसऱ्याच्या "आमच्यात"शी भांडणार नाही. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. संध्याकाळी मी दामिनीच्या आईनं बांधून दिलेल्या ठेच्याबरोबर तीन चपात्या जास्त खाल्ल्या.

तिसरा दिवस उजाडला तेव्हा मात्र मला बरं वाटेना. दामिनी कुरकुरत असती, रुसली असती, तर मलाही चिडता आलं असतं. ती काहीच म्हणत नव्हती. सकाळी तिनं एकदा एवढंच विचारलं, की काकणाचा हात वर धरून नुसते पाय बुडवले तर चालेल का. मी म्हटलं, नको. आणि नको म्हणताना मला माझाच आवाज आवडला नाही. ती बरं म्हणाली. दुपारभर मी झोपाळ्यात पडून तिच्या पाठीकडे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची बोट होती. म्हणजे मी जिंकलो होतो. जिंकलेल्या माणसाला इतकं वाईट का वाटावं, ते मला कळेना.

तिकडं सूर्य पाचच्या सुमाराला मावळायला लागतो. साडेतीनला मी भजी आणि चहा घेऊन वाळूतून तिच्याकडे निघालो. ती धाकट्या बहिणीशी, पिंकीशी, व्हिडिओवर बोलत होती. वाऱ्यामुळं दोघी मोठ्यानं बोलत होत्या. मी मागून येत होतो, तिला दिसलो नाही.

पिंकी तिला चिडवत होती. मळ्यातल्या विहिरीत काठावरून उड्या मारणारी तू, पोरांना पोहायला शिकवणारी तू, आणि समुद्रावर जाऊन वाळूत बसली. लग्न होताच म्हातारी झाली काय ताई.

"नाई वं," दामिनी म्हणाली. "काकण असेपर्यंत आमच्यात पाण्यात नाई जात."

पिंकी म्हणाली, असं कुठं असतं आपल्यात? आजीनं कधी सांगितलं नाही.

"तुमच्यात नाई, आमच्यात. वाडीले." हे ती मोठ्या जाणत्या बाईसारखं म्हणाली. "आता त्या घरचं जे असन ते पाळाव लागते ना मले. अन् तू आईले नको सांगू, तिले उगाच वाईट वाटन."

माझ्या हातातला चहा सांडला. चार दिवस झाले होते लग्नाला. चार दिवसांत ती माझ्या घराला आमचं म्हणायला लागली होती, तेही त्या घराची बाजू घेऊन, स्वतःच्या बहिणीपुढं. आणि आमचं म्हणून तिनं उचललेली पहिली गोष्ट कोणती, तर जी आमच्या घरात नव्हतीच. मी माझी भीती आईच्या नावावर, आजीच्या नावावर, न पाहिलेल्या पणजीच्या नावावर खपवली होती. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पिंकीचा फोन संपेपर्यंत मी थांबलो. मग भजी वाळूवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. एकदम बोललो नसतो तर बोललोच नसतो.

"दामिनी, असं काही नसते आमच्यात. मी भेतो पाण्याले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. रामटेकचा तलाव, शेवाळ, मामांची मूठ, बादली आणि लोटा. अंगणात समुद्र आवडतो म्हटलं तेही खोटं. बोटीत रामाचं नाव घेत होतो ते मात्र अर्धं खरं होतं, कारण भीतीनं घेतच होतो. ती ऐकत राहिली. मधेच तिच्या ओठाचा कोपरा हलला, मला वाटलं हसते आहे, पण हसत नव्हती.

ती वाळूत बोटानं रेघा ओढत होती. मी म्हटलं, चुकलं माझं. भजी गार झाली.

"तुमी भेता, त्याचं मले काहीच नाई," ती शेवटी म्हणाली. "मले पालीचं भेव वाटते. पण मले नाई जमत म्हणाचं. आमच्यात असं असते, असं नाई म्हणाचं. तुमी नाई म्हटलं असतं तं मी भांडली असती, एकटी गेली असती. पण घराचं नाव घेतल्यावर मी काय करू? नवीन सुनेले ते मोडता येते काय?"

मी मान खाली घातली. गोदामात मी एवढा ओरडतो, पण त्या बाईनं आवाज न चढवता जे सांगितलं, ते मला अजून पाठ आहे.

मग तिनं फोन उचलला आणि माझ्या आईला लावला. सासूकडे तक्रार जाणार, आणि जायलाच पाहिजे होती. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून तिनं स्पीकर चालू केला. आईनं आधी जेवण झालं काय विचारलं, मग हवा कशी आहे विचारलं. माझे वडील, मधुकरराव, मागून ओरडले, येताना शंख आणा म्हणावं. दामिनीनं सगळ्यांना नीट उत्तरं दिली.

"आई, एक इचाराचं होतं," ती म्हणाली. "काकणाले समुद्राचं पाणी लागलं तं चालते काय?"

"अवं, ओलं झालं तं वाळन," आई म्हणाली. "त्यात काय इचाराचं? जा बिनधास्त."

दामिनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फोन ठेवणार, तेवढ्यात आईनं तिला थांबवलं. आईचा आवाज बारीक झाला. मी जवळपास आहे हे तिला ठाऊक नसावं.

"अन् आयक, दामिनी. त्याले नको ओढू पाण्यात. तो कोणाले सांगत नाई, पण लहानपणापासून भल्ला भेते. तुले म्हणून सांगून राहिली."

"माहीत आहे मले, आई," दामिनी म्हणाली. "त्याइनं सांगतलं."

आईनं मागं बोलणाऱ्या वडिलांना थांबवलं.

"सांगतलं? सवताहून?"

"हाव. सवताहून."

"मंग ठीक आहे," आई म्हणाली, आणि रविवारच्या सत्यनारायणाला किती माणसं येणार ते सांगायला लागली.

मी वाळूत बसून होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. पिंकीचा फोन संपल्यावर मी काही न सांगता भजी खात बसलो असतो, तर आज ना उद्या हीच गोष्ट तिला आईकडून कळली असती. मग काय राहिलं असतं आमच्यात, देव जाणे.

दामिनीनं फोन ओढणीत गुंडाळून माझ्याजवळ दिला. उठली. म्हणाली, मी चालली, तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर बसा, दोन्ही चालतं. आणि ती पळत सुटली. ती ओली रेघ तिनं एका ढांगेत ओलांडली. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर तिनं सरळ बुडी मारली, आणि मी उठून उभा राहिलो. ती दिसेना. मी मोजायला लागलो. सातपर्यंत आलो, तर ती कुठल्या कुठं वर निघाली, श्रीधररावांच्या टोपीजवळ. यमुताईंनी टाळ्या वाजवल्या. अहो, तुमच्यात चालतं ना आता, त्या मला ओरडून विचारत होत्या. मी ओरडून सांगितलं, चालतं. अर्धा तास दामिनी पाण्यात होती. हात मारत लांब जायची, उताणी तरंगायची, लाटेबरोबर काठापर्यंत वाहत यायची आणि तोंडातलं पाणी थुंकून पुन्हा जायची. मी असा आनंद कुणाच्या अंगावर पाहिला नव्हता. आणि हा मी तीन दिवस अडवून धरला होता.

ऊन पिवळं झालं. मी चप्पल काढली. फोन चपलेत ठेवला. पाण्यात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा पायाखालची वाळू सरकली, आणि रामटेकची ती पायरी आठवली. थांबलो. दुसरं पाऊल टाकलं. घोटा बुडाला. लाट परत जाताना मलाही ओढून नेते आहे असं वाटत होतं. दामिनीनं मला पाहिलं. ती हात मारायची थांबली. मला वाटलं, ती धावत येईल, हात धरून ओढेल, चला चला करेल, जसं गेल्या वीस वर्षांत प्रत्येकानं केलं होतं. ती आली नाही. होती तिथंच उभी राहून पाहत राहिली. माझ्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं. तिथं माझे पाय थांबले ते थांबलेच. पुढं समुद्र होता, दामिनीपर्यंत दहा पावलं होती, आणि त्यातलं एकही माझ्यानं उचलेना.

"दामिनी," मी म्हटलं, "एवढंच जमते मले."

ती उरलेला सगळा समुद्र सोडून दहा पावलं माघारी आली आणि माझ्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभी राहिली.